किती जणांना नापास केलंत?

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार. (कोरड्या जमिनीवर घातलेला आहे, म्हणून नीट जमला.) तुमचा गुडघा कसा आहे? काकू अजूनही तुम्हाला जिना चढू देत नाहीत ना? देऊच नयेत.

पन्नास मीटर खोल बुडी मारण्याचं प्रशिक्षण कुठल्या संस्थेत घ्यावं, असं मी फोनवर विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "मला पाण्यातलं काही कळत नाही. मी जन्मभर बॉयलर तपासले. पण जाशील तिथे एकच विचार, किती जणांना नापास केलंत?" मी मनात हसलो होतो. माफ करा.

पहिल्या संस्थेत गुबगुबीत सोफा, कॉफी आणि भिंतभर हसरे फोटो. साहेब छाती फुगवून म्हणाले, "आमच्याकडे कोणी नापास होतच नाही!" दुसरीकडे चार दिवसांत प्रमाणपत्र, वर टी-शर्ट. (मापाचा टी-शर्ट मिळाला असता तर मी घसरलोच असतो, खोटं कशाला बोलू.) तिसरी संस्था सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, एका खोलीत. तिथल्या बाईंनी प्रश्न ऐकून वही उघडली आणि म्हणाल्या, "गेल्या वर्षी वीसपैकी अकरा." मी तिथेच अर्ज भरला.

परवा तलावात चाचणी झाली. पाठीवर दोन टाक्या. गळती ज्या झडपेतून होते ती हात मागे नेऊन बंद करायची. मी मोठ्या रुबाबात चांगली झडप बंद केली. पुढचा श्वास आलाच नाही! काका, डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेवढ्यात बाईंनी स्वतःची जादा नळी माझ्या तोंडात कोंबली. वर आल्यावर शांतपणे म्हणाल्या, "इथे चार मीटर होते. खाली पन्नास असतात. नापास." आणि वहीत लिहिलं.

मी बाकावर बसून लहान मुलासारखा रडलो. लाजेने नव्हे. सोफेवाल्यांकडे पास झालो असतो, हे लक्षात आलं म्हणून. तुमचे उपकार कुठल्या शब्दांत मानू?

तुमचा,
नापास पुतण्या

ता. क. फेरपरीक्षा सहा महिन्यांनी आहे. हिला माझं नापास होणं पटत नाही. तुम्ही फोन करून समजवाल का?

ता. क. (दुसरा) समजवायला फोन नको. ही बाईंना जाब विचारायला गेली आणि स्वतःचा अर्ज भरून आली. बाईंनी तिथेच पाठीवर टाक्या चढवून पाहिलं, तर पहिल्याच प्रयत्नात बरोबर झडप! तिला थांबवा असं म्हणत नाही, फक्त मी पास होईपर्यंत जरा रेंगाळायला सांगा.