नंदीच्या उतारावरचा ब्रेक

अण्णा, काल जे. सी. रोडवर ब्रेक ऑइल घ्यायला गेले होते. मी, स्वतः! हसू नका. ब्रेक दाबला की पाय जरा खोल जायला लागला होता, आणि बोनेट उघडून बघितलं तर डबीतलं ऑइल काढ्यासारखं काळपट. दुकानदारानं कुठलं हवं ते कानडीत विचारलं, "यावदु बेकु अक्का? डॉट थ्री, फोर, फाइव्ह?" मला आकडे दिले की मी सगळ्यात मोठा उचलणार, हे तुम्हाला माहीतच आहे. पाच द्या म्हटलं. "बेडा अक्का, नको, ते सिलिकॉनचं, तुमच्या गाडीत चालायचं नाही. डबीच्या झाकणावर काय छापलंय ते बघा आधी." झाकणावर डॉट फोर होतं. इतकं सोपं! वर तो म्हणाला, लहानच बाटली घ्या, उरलं तर ठेवू नका. एकदा उघडलेलं ऑइल हवेतलं पाणी पीत बसतं.

मी तिथेच उभी राहिले. चामराजपेटच्या घरात, आईच्या फडताळात, तुपाच्या बरणीशेजारी तुमची अर्धी बाटली असायची. झाकण घट्ट, वर प्लास्टिक, त्यावर दोन रबरबँड. घरात सगळ्यात कोरडी जागा म्हणे तीच. आई म्हणायची, "हे विष माझ्या स्वयंपाकघरात कशाला?" आणि तुम्ही कारखान्यातल्या थाटात सांगायचात की हवाबंद वस्तू खराब होत नाही. त्या बाटलीतलं थोडं थोडं तुम्ही वर्षानुवर्षं गाडीत घालत होतात, आणि दर वेळी झाकण उघडत होतात.

मग तो नंदीच्या डोंगरावरचा रविवार. मी एकवीस वर्षांची, उतारावर पहिल्यांदाच स्टिअरिंग माझ्या हातात. तुम्ही शेजारी, पाठीमागे आई डबा मांडीवर घेऊन. चौथ्या वळणावर मी ब्रेक दाबते तर पाय थेट तळाला. तुम्ही हँडब्रेक ओढता, स्टिअरिंग आत वळवता, आणि गाडी डोंगराच्या मातीला घासत थांबते. पलीकडे दरी होती, अण्णा. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तुम्ही ओरडला नाहीत. फक्त विचारलंत, "गिअर कुठला होता?" मी म्हटलं, "दुसरा."

त्या आठवड्यात तुम्ही कारखान्यात कुणाला तरी विचारून आलात, बाटली टाकून दिलीत आणि म्हणालात, "माझी चूक. पोरीनं बरोबर चालवली." नंतर तुम्ही बोनेटला हात लावला नाहीत. पाने आणि जॅक शेजाऱ्यांना देऊन टाकलेत. रविवारी सकाळी गाडीखाली आडवे होऊन गुणगुणणारे तुम्ही, पेपर वाचत बसायला लागलात. ऊठसूट प्रश्न विचारून तुम्हाला भंडावणारी मी, पण तुमची चूक नेमकी कशी झाली ते काही मी कधी विचारलं नाही.

आज विचारलं. घराजवळच्या गॅरेजातले मिस्त्री बेळगावकडचे, मराठी बोलतात. त्यांनी जुन्या ऑइलात पेनासारखं एक यंत्र बुडवलं, लाल दिवा लागला. मी म्हटलं, ऑइलातल्या एवढ्या पाण्यानं घाटात ब्रेक जाईल? "नुस्त्या ह्यानं न्हाई जात, ताई. गिअरात उतरलं तर इंजिन गाडीला धरून ठेवतंय. नुस्तं ब्रेकवर उतरलं की तापतंय, पाण्याची वाफ होतीय, मग पाय खाली." मी परत विचारलं. दुसऱ्या गिअरमध्ये असती तर? त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "मग बहुतेक काय बी झालं नसतं."

अण्णा, गाडी न्यूट्रलमध्ये होती. इंजिनाचा आवाज पडला की कसं वाटतं, मला बघायचं होतं. दोन वळणं इतकं छान वाटलं! तुम्ही पलीकडची दरी आईला दाखवत होतात, तेव्हा मी हळूच गिअर काढला. तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात, म्हणून सगळा दोष बाटलीवर गेला आणि बाटलीवरून तुमच्यावर. बाटली निर्दोष नव्हती, ते खरं. पण पाने तुम्ही माझ्यामुळे टाकलेत, आणि ते मला तेव्हाही कळत होतं.

आई आता ऐंशीची आहे. पाहुणे आले की अजून हसत हसत सांगते, "आमच्या ह्यांच्या काटकसरीनं त्या दिवशी तिघांना मारलं असतं." तुम्ही गेलात, तुम्हाला आता हे पत्र पोचणार नाही; निदान तिला तरी वाचून दाखवायला हवं. ती आत टीव्ही बघतेय, हाक मारली तर ऐकू जाईल. मी मारत नाहीये.