नमुना क्रमांक एक, पाच अंश

तीर्थरूप मामांस,

नमस्कार. कंबर पुन्हा धरली नसेल, असं गृहीत धरते. आईचा फोन येऊन गेला असेलच. त्यातले आकडे चुकीचे असणार, म्हणून आधी नुसती हकीकत:

१. रविवारी सव्वाचारला काकूने फ्रिजच्या खालच्या कप्प्यातला माझा पुठ्ठ्याचा डबा काढला.
२. केक समजून काकांच्या साहेबांपुढे ठेवला. सोबत सुरी.
३. साहेब स्वतःच्या बढतीविषयी दीड तास बोलले. हीटर चालू, खोलीत सव्वीस अंश.
४. झाकण उघडलं. केकने मान बाहेर काढली.

यात कासवाचं काय चुकलं? आपण खाल्लेलं जाळून अंग सदतीस अंशांवर ठेवतो. कासवाला ती चैन नाही. बाहेर थंडी पडली की तेही थंड होतं आणि उपाशीपोटी महिनोन्महिने झोपतं. यंदा थंडीच धड नाही (आज आठ अंश, उद्या अठरा), म्हणून फ्रिज. मधेच ऊब लागून जाग आली, तर साठवलेली चरबी संपते आणि वसंत येईपर्यंत ते टिकत नाही. हे मी काकूला समजावलं. ती म्हणाली, "मेलेलं जनावर, भाजीशेजारी?" मेलेलं नाही म्हटलं, तर म्हणाली, "म्हणजे जिवंत? भाजीशेजारी?"

काकांनी निकाल दिला: "शनिवारनंतर या घरात एक तर ते राहील, नाही तर तू." तोवर ते पुन्हा फ्रिजमध्ये आहे. (साहेब खुर्चीवर चढले हे खरं. उतरताना हात मी दिला, हे कुणी सांगत नाही.) मी माफी मागितलेली नाही, मागणारही नाही. डब्यावर लेबल होतं: नमुना क्र. १, ८४० ग्रॅम, ५ अंश, हवेसाठी रोज उघडणे. आमच्या प्रयोगशाळेत याहून जास्त कुणी लिहीत नाही.

तुमची भाची

ता. क. १ : लेबलवर 'कासव' लिहायचं राहिलं होतं. हे काकूला कळवू नये.

ता. क. २ : दुकान बंद केल्यापासून तुमचा शीतपेयांचा फ्रिज रिकामाच आहे ना? तो पाच अंश धरतो का, एवढं बघून ठेवा.

ता. क. ३ : 'ते नाही तर तू' यावर मी काकांना म्हटलं, "दोघंही जातो." तेव्हा दुकानामागची खोलीही लागेल. तिथे मला वीस अंश तरी हवेत. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर कळवावे.