हौदात मेले की बाटलीत

मॅडम, तुम्ही गेल्यापासून हक्कानं भांडावं असं कुणी उरलं नाही, म्हणून आज कागद पुढं ओढला. मी पूर्णा रोडवरच्या एका चिकन प्लांटमध्ये नव्यानं लागलेय. सोललेल्या कोंबड्या बर्फाच्या पाण्याच्या हौदात गार करून इथून हॉटेलांना जातात. त्यांच्यावर साल्मोनेलाचे जंतू आहेत का, आणि असले तर किती, हे बघणं माझं काम. आठवडा झाला, प्लांट बंद आहे आणि तो मी बंद करवलाय. फार दमलेय. झोपून उठलं तरी अंगातून न जाणारा थकवा असतो ना, तसा.

खरं तर दोष तुमचाच. कॉलेजातली ती मागची खोली आठवते. जंतूंचं जेवण तिथं शिजायचं म्हणून आपण तिला स्वयंपाकघर म्हणायचो. उन्हाळा आहे, पंखा कुरकुरतोय, तुम्ही पदर खोचून अगार ढवळताय. हौदात गार करून बाजारात आलेल्या कोंबडीचा निकाल मी ऐटीत सांगते, "जंतू नाहीत." तुम्ही नमुन्याची उरलेली बाटली उघडून माझ्या नाकाखाली धरता. ब्लीचिंग पावडरचा भपकारा येतो. "मेले ते हौदात मेले की तुझ्या बाटलीत?" मला काही कळेना. मग तुम्ही समजावलंत की कोंबडी धुतलेल्या पाण्याबरोबर क्लोरीनही बाटलीत येतो आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तिथंच जंतू मारत बसतो. कोंबडीवर ते तसेच, बाटली तेवढी सोवळी. म्हणून क्लोरीनचा जोर घालवणारं औषध बाटलीत आधी घालायचं. मला रडू आलं, तेव्हा तुम्ही डब्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्याकडे सरकवलात. गोड बोलणं तुम्हाला कधी जमलं नाही.

यंदा टँकर वेळेवर येईनात. हौदाचं पाणी बदलायच्या ऐवजी त्यात पावडरच्या मुठी वाढत गेल्या. इथं पहिल्यापासून औषध न घातलेल्या साध्याच बाटल्या वापरायचे, त्यामुळे निकाल कायम साफ. मी आल्या आल्या एक बाटली उघडली तर तोच भपकारा. औषध घालून नमुने पुन्हा घेतले, तर अगारच्या लाल प्लेटांवर साल्मोनेलाचे काळे ठिपके उगवले, मोजताना डोळे दुखावेत इतके. खात्रीच्या चाचण्यांनीही तेच सांगितलं.

मालक वाईट माणूस नाही. एवढंच म्हणाला, "मॅडम, इतकी वर्सं समदं साफ येत व्हतं. बाटली बदलायची काय नड पडली व्हती?" त्याला समजावता आलं. कोंबड्यांची पोटं साफ करणाऱ्या बायकांना काय सांगू? काम नाही तर हजेरी नाही, तरी त्या रोज फाटकाशी येऊन बसतात. काल त्यांच्यातली एक, माझ्याच वयाची, म्हणाली, "ताई, कवा चालू व्हायचं?" मी म्हणाले, असंच चालू केलं तर खाणारी माणसं आजारी पडतील. ती म्हणाली, "ती पडतील तवा पडतील. आमी आत्ताच उपाशी पडायलोत." तुम्ही तिला काय सांगितलं असतंत, मॅडम?

हौद चार दिवसांपूर्वीच उपसला, घासला, ताजं पाणी भरलं. थोड्या कोंबड्या चालवून नवे नमुने घेतले. प्लेटांवर काळं काही नसलं तर उद्या फाटक उघडेल. असलं तर पुन्हा बंद, आणि ते त्या बायकांना मीच जाऊन सांगायचं.

प्लेटा सकाळीच तयार झाल्यात, मॅडम. आता उन्हं कललीत. बायका अजून बाहेर बसून आहेत, मालक दोनदा विचारून गेला, आणि "अजून पूर्ण उगवलं नाही" असं त्याला खोटं सांगून मी आत दार लावून बसलेय. प्लेटा उबेत ठेवलेला इन्क्युबेटर उघडायला हात होत नाही. हे पत्र कुठं जायचं नाही. लिहिण्यात तेवढा वेळ जातोय, आणि मला तेवढाच हवाय.