अंगठ्याची रेघ

माय, सडा टाकलेल्या अंगणात तुझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याची रेघ उमटायला लागली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. तू विहिरीवरून घागर घेऊन यायचीस, पाऊल नीट उचललं जायचं नाही, आणि अंगठा ओल्या मातीत ओढला जायचा. चप्पल निसटलेली तुला कळायचंही नाही. मीच मागून उचलून आणायची. रेघ दिसली की दोन दिवसांत तू गुरांच्या कोठ्यात बाहेर बसणार, हे मला न सांगता कळू लागलं होतं. मग कुल्ल्यापासून टाचेपर्यंत कळ जायची. तू पोत्यावर एका कुशीला दात आवळून पडायचीस आणि मी ताटली लांबून सरकवायची. त्या चार दिवसांत तुला शिवायचं नाही, म्हणून पायही दाबून देता येत नव्हता. मला फार राग यायचा. कोणाचा, ते तेव्हा समजत नव्हतं.

बाबा तसे वाईट नव्हते. "कापसाची वेचणी आली का तुहा पाय दुखते," असं एकदा चिडून म्हणाले खरे, पण कळंबच्या डॉक्टरकडेही तेच घेऊन गेले. फक्त बाहेर बसलेल्या बाईला बैलगाडीत बसवायचं नसतं, म्हणून पाचव्या दिवशी तू न्हालीस की निघायचो. तोवर कळ ओसरलेली असायची. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून बघायचे, चार पावलं चालायला लावायचे, आणि तू शहाण्यासारखी नीट चालायचीस. "पायात दोष नाही, वाताचं दुखणं आहे," म्हणून तेल द्यायचे. तीन वर्षं आपण त्या भल्या माणसाला तुझा बरा पाय दाखवत होतो.

चौथ्या वर्षी रेघ महिनाभर उमटायला लागली, तेव्हा कुठे आपण यवतमाळला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पायाकडे नंतर पाहिलं. आधी विचारलं, "पाळी कधी आली होती?" बाबा भिंतीकडे बघायला लागले. बाईंनी तुला पडद्याआड नेऊन आतून तपासलं, एका जागी बोट दाबलं, आणि तुझी किंकाळी बाकावर बसलेल्या मला ऐकू आली. कळ थेट अंगठ्यापर्यंत गेली होती. बाईंनी बाबांना बसवून समजावलं : गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसलंच कधी कधी बाहेरही रुजतं, हिच्या पायाच्या नसेपाशी रुजलेलं दिसतंय. दर महिन्याला तिथंही रक्त सुटतं, सूज येते, नस दबते. "पुढच्या खेपेला त्याच दिवसांत आणा. न्हायची वाट बघू नका."

"बाहेरच्या बाईले यष्टीत कसं आणू, बाई? लोक काय म्हनतीन?"

"लोकांना सांगणार कोण? तुम्हीच ना?"

बाबांनी आणलं. पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी, भर गर्दीच्या यष्टीत, तुझ्या खांद्याला खांदा लावून बसून आणलं. घरी येऊन आंघोळसुद्धा केली नाही. त्या दिवसापासून ते मला आवडायला लागले, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

बाईंनी त्या दिवशी पायातली ताकद नोंदवली आणि चिठ्ठी देऊन नागपूरला पाठवलं. नसेला चिकटलेली काळपट गाठ तिथं निघाली तेवढी काढली, आणि पुन्हा रक्त सुटू नये म्हणून दोन्ही अंडाशयंही. तुझी पाळी कायमची गेली. भर थंडीत घामानं भिजायचीस, पण म्हणायचीस, "कोठ्यात बसाची कटकट त मिटली." कळ परत आली नाही. पाऊल मात्र पुरतं उचललं गेलं नाही. नस फार दिवस दबून राहिली होती, आधी आणायला हवं होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. रेघ तू जाईपर्यंत उमटत राहिली.

मी पुढे नर्स झाले. शिकाऊ मुलींना नेहमी सांगत आले, पाय दुखतो म्हणणाऱ्या बाईलाही पाळीची तारीख विचारा. आणि तुझी गोष्ट सांगायची : कळंबच्या डॉक्टरनं पहिल्याच खेपेला विचारलं होतं, दुखणं कधी येतं म्हणून, मला ठाऊक होतं, पण माझ्या आईनं लाजेनं मला गप्प केलं. मुली हळहळतात. त्या काळच्या बायका अशाच, म्हणतात.

तू मला गप्प केलं नव्हतंस, माय. बाबा शेजारी उभे होते, तुला बोलता येत नव्हतं, आणि मला सोबत नेलंस ते त्याचसाठी. कोपरानं ढोसून तू म्हणालीस, "सांग ना वं, तुले माईत हाय." आणि मी फ्रॉकचं टोक चघळत म्हणाले, "मले नाई माईत."

परवाही दोन मुली आल्या होत्या. त्यांनाही मी तीच जुनी गोष्ट सांगितली.