इफ्फत महिन्याभरात वाचणार

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ७.

नवीन वर्ष, नवीन डायरी. फोनमध्ये. मी बोलतो, फोन लिहितो. हातानं लिहायला ड्रायव्हर माणसाला वेळ कुठं? शिवाय डोळे रस्त्यासाठी जपून ठेवावेत, असं माझं मत आहे. लोणावळ्यात पंधरा वर्षं टॅक्सी चालवतोय, गाडीवर एक ओरखडा नाही. (दोन आहेत. पार्किंगमधले धरत नाही.)

संकल्प एकच. ३१ तारखेपर्यंत इफ्फतला वाचायला शिकवणार. माझी मुलगी, वय सात, इयत्ता दुसरी. ती बोलायला लागली की स्टँडवरचे ड्रायव्हर चहा खाली ठेवून ऐकतात. अशा पोरीला वाचता येत नाही म्हणजे शिकवणाऱ्यांचाच काहीतरी प्रॉब्लेम.

३ जानेवारी, शुक्रवार.

शाळेत बोलावणं. तिच्या वर्गाच्या माधवीबाई म्हणाल्या, दीड वर्ष या पोरीनं मला गंडवलं. शेजारच्यानं धडा एकदा वाचला की हिचा पाठ. परवा बाईंनी गुपचूप पान बदललं, तर हिनं नव्या पानावर बोट फिरवत जुनाच धडा म्हटला. हावभावासकट! मला अभिमान वाटला. बाईंना नाही.

म्हणाल्या, सुटी अक्षरं ओळखते, पण जोडता येत नाहीत. काल ओळखलेला शब्द आज परका. डिस्लेक्सिया असू शकेल. बुद्धीशी संबंध नाही, उलट पोर बोलकी असली की लवकर लक्षातच येत नाही. तळेगावला एक मॅडम दर शनिवारी तपासतात, महिनाअखेरपर्यंत नाव द्या. तिसरीत पुस्तकं जाड होतात, मग ती मागे पडेल आणि शाळेलाच कंटाळेल.

घरात आणखी कुणाला त्रास आहे का, असंही विचारलं. छे, म्हटलं. आमच्या घराण्यात सगळं व्यवस्थित.

बाईंनी एक माहितीपत्रक दिलं. घडी घालून खिशात ठेवलं. खुर्शीदा वाचेल. बायकोला थोडी जबाबदारी द्यावी माणसानं.

५ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ७.०५.

क्लास सुरू. वेळ रोज सहा ते सात, कडक शिस्त.

सहाला बसलो. इफ्फतनं विचारलं, अब्बा, ‘क’ला ‘क’च म्हणायचं हे कुणी ठरवलं, आणि त्याला विचारलं होतं का? चर्चा झाली. मग शेजारच्या कोंबडीनं अंडं कुठं लपवलं ते सांगितलं. सात वाजले. पुस्तक उघडायचं राहून गेलं. पण पाया पक्का झाला.

७ जानेवारी, मंगळवार.

काल पुस्तक उघडलं. आज ती म्हणाली की काल उघडलं होतं, आज त्याला आराम. मला पटलं. का पटलं ते आता आठवत नाही.

९ जानेवारी, गुरुवार.

रोज सकाळी शाळेच्या वेळेला इफ्फतचं पोट दुखतं. खुर्शीदा म्हणते, रविवारी कसं दुखत नाही? मी म्हटलं, चिक्की. चिक्कीचा डबा कपाटावर ठेवला. प्रश्न मिटला.

१० जानेवारी, शुक्रवार.

पोट दुखलं.

१२ जानेवारी, रविवार.

आज सिद्ध झालं! स्टेशनवर एकाच गाडीनं दोन गेस्ट फॅमिली येणार होत्या, एक माझी, एक कैलासची. कैलास आपला टाकव्याचा टॅक्सीवाला दोस्त. नावांच्या पाट्या तोच लिहितो, अक्षर चांगलं आहे त्याचं. एक पाटी मी धरली, एक इफ्फतला दिली. गेस्ट माझ्यासमोरून सरळ निघून गेले. आजकाल लोकांना वाचायची सवयच राहिली नाही.

इफ्फतनं पाटी काखेत मारली आणि येईल त्याला विचारत सुटली, कुठून आलात, कुठल्या बंगल्यावर जायचंय, बाळ दमलं का. पाच मिनिटांत दोन्ही कुटुंबं हजर. मी म्हटलं, बघ कैलास, वाचते की नाही पोरगी! तो म्हणाला, पोरगी लय भारी हाय गड्या, पर तुज्या हातात माजी पाटी व्हती, आन् तीबी उलटी.

गर्दीत होतं असं.

१९ जानेवारी, रविवार.

सायकलचं आमिष दाखवलं. आज तिनं खरंच प्रयत्न केला. अर्धा तास, तीन शब्द. कपाळावर घाम. मी ओरडलो, नीट बघ! तिनं पुस्तक फेकलं आणि म्हणाली, मी मठ्ठ आहे, वर्गात सगळे तेच म्हणतात. मग अजिबात बोलली नाही. जेवतानासुद्धा.

मी खाली जाऊन गाडी धुतली. सकाळीच धुतली होती. लाज वाटली मला. आमच्या मास्तरांचं वाक्य माझ्याच तोंडून आलं, जसंच्या तसं.

२४ जानेवारी, शुक्रवार.

खुर्शीदानं मला न विचारता तळेगावला नाव दिलं. मी परवानगी दिली.

३१ जानेवारी, शुक्रवार.

संकल्पाचा आढावा. वाचन सोडलं तर बाकी प्रगती उत्तम.

१ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी २. तळेगाव.

मॅडमनी आधी चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावली. इफ्फतनं अशी सांगितली की मॅडम लिहायच्या थांबल्या. मग चार ओळींचा कागद पुढं केला. इफ्फतनं तो हातात घेतला. कान लालबुंद. मग कागद माझ्या हातात देऊन म्हणाली, अब्बा, आधी तुम्ही वाचा ना, मग मी वाचते.

डाव कळला. मी वाचणार, ती पाठ करणार. नेमका चुकीचा माणूस निवडला पोरीनं.

मला कारणं पटकन सुचतात. गाडी चुकीची लावलीय, गेस्टचा फोन आहे. आज एकही बाहेर पडेना. ती वाट बघत होती.

वाचलं. एक ओळ. तिसऱ्या शब्दाला दोनदा धडकलो, चौथा मनानंच घातला. शर्ट भिजला. इफ्फत खुर्चीवरून उतरून माझ्याजवळ आली आणि हळूच विचारलं, अब्बा, तुम्हालापण जोडता येत नाही? म्हटलं, नाही गं. कधीच आलं नाही.

एवढी हसली! मग दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून स्वतः वाचायला घेतलं. पाच शब्द, दोन बरोबर. रडली नाही.

नक्की काय ते आणखी चाचण्या झाल्यावर मॅडम सांगणार. तोवर दर शनिवारी साडेदहाला यायचं. वहीत दोघांची नावं लिहून घेतली. माझं इफ्फतच्या खाली.

बाहेर आल्याआल्या इफ्फतनं आईला फोन लावला. म्हणाली, अम्मी, अब्बांचं माझ्यापेक्षा कच्चं आहे, पण तू टेन्शन घेऊ नकोस, मी त्यांच्याशेजारी बसणार आहे.