फाईलीचा अंगठा

११ सप्टेंबर २००६, भोकरदन

पुन्हा सापडलो! क्लासातल्या कंप्युटरवर सगळ्या सेटअप फाईलींची नावं बदलली होती मी — एक 'पिठलं', एक 'म्हसोबा', एक 'सरांची सासू'. वाटलं, जगन्नाथ सर दिवसभर डोकं खाजवत बसतेत. कशाचं काय! त्यांनी नवाच प्रोग्राम आणलाय. फाईल त्याच्यात टाकली की बत्तीस अक्षर-आकड्यांची एक ओळ येती. सर तिला अंगठा म्हणतेत. नाव कोणतं बी द्या, अंगठा तोच. वळखीच्या फाईलींचे अंगठे प्रोग्रामात आधीच भरल्याले. घडीभरात सासू प्रिंटरवाली निघाली. पोरं हसून बेजार.

सर हसले न्हाईत. "ही शेवटची. आता काही सापडलं तर सरळ घरी."

१३ सप्टेंबर

काकासाहेबानं जालन्याहून परीक्षेच्या पॅकेजची सीडी आणली. राजूरचा हाय तो, माझा दोस्त. पुढच्या महिन्यापासून सर त्याला क्लासातच शिकवायला ठेवणार. घरी सांगून बी बसलाय बिचारा.

सीडी असली हाय का बघायला सरांनी पॅकेजवाल्यांच्या औरंगाबादच्या हापिसात फोन लावला. तिकडून अंगठा सांगून राह्यले, सर मोठ्यानं म्हणून राह्यले, मी कागदावर लिहून घेतला. मंग आमच्या स्क्रीनवरच्याशी लावला — जमंना. एका आकड्याचा फरक!

सर म्हणले, "वाटेत कोणाच्या हातात दिली होतीस?" काकासाहेब गप उभा. सरांनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. पिशवी उचलून गेला. माझ्याकडं बघितलं बी न्हाई.

१४ सप्टेंबर

जेवण जाईना. काल सीडी कंप्युटरवर उतरवली तवा सरांची नजर चुकवून मी त्या फाईलीला 'बटाटेवडा' केलं होतं. लगेच परत नीट केलं म्हणा. त्यानं तर बिघडलं न्हाई? — पण सासू नाव बदलून बी सापडलीच की! म्हंजे मी न्हाई.

मंग काकासाहेबानंच...? छे. मनात आलं अन् स्वतःचीच शरम वाटली.

१५ सप्टेंबर

दिवसभर लाईट न्हाई. स्टँडवर चकरा मारल्या. राजूरच्या दोन गाड्या गेल्या, बसलो न्हाई.

१६ सप्टेंबर

आज एक गंमत करून पाह्यली. एका फाईलीत लिहिलं, 'सर टकले हायेत'. अंगठा काढला. मंग शेवटी फक्त एक टिंब दिलं अन् परत काढला. सगळी ओळच वेगळी! टिंब पुसलं — पहिली ओळ परत. तीनदा केलं, तीनदा तेच.

एका टिंबानं सगळी ओळ उलथीपालथी होती. मंग काकासाहेबाच्या सीडीत एकच आकडा कसा काय बदलला? कोणी हात लावला असता तर सगळंच बदलायला पाह्यजे होतं!

फाईल बराबर हाय. कागद चुकलाय.

कागद मी लिहिलाय.

१७ सप्टेंबर

बघितलं. स्क्रीनवर ५९, माझ्या कागदावर ६९. सर आकडे जोडीजोडीनं म्हणत होते — सत्तावीस, एफ, एकोणसाठ... साठ कानावर पडलं की माझा हात सहावर जातो. शाळंत बी ह्याच्यावरून मार खाल्ला.

सांगितलं तर मी घरी. न्हाई सांगितलं तर तो घरीच हाय.

क्लासाच्या दारातून दोनदा परत आलो.

१८ सप्टेंबर

सांगितलं! सरांना वाटलं ही बी मस्करीच. टिंबाचं करून दाखवलं तवा खुर्चीत सरकून बसले. परत फोन लावला, ह्या वेळी स्वतः लिहिलं. बराबर जमलं.

मंग म्हणले, "त्याला बोलावून आण. तुझं काय करायचं ते मग बघतो."

१९ सप्टेंबर, राजूर

काकासाहेब देवळापाशी बापाच्या दुकानात नारळ लावत बसल्याला. सगळं सांगितलं. नारळ लावता लावताच म्हणला, "माहीत हाय. एकोणसाठ मी बी ऐकलं होतं, अन् तू ६९ लिहिलं ते बी बघितलं होतं."

मंग त्याच वेळी बोलला का न्हाईस?

"तुला काढलं असतं. मला हे दुकान तरी हाय. तुला काय हाय?"