जिझानच्या तोफांची उत्तर दिशा

जिझान, १२ मे

तीर्थरूप हरीशकाका आणि शोभनाकाकू यांना चारुदत्तचा साष्टांग नमस्कार (वाळू तापलेली असल्याने मनातल्या मनात घातला आहे, गोड मानून घ्यावा). काका, गुडघा काय म्हणतो? काकू, गोडा मसाला पोचला. कस्टमवाल्याने तो हुंगला, तीन वेळा शिंकला आणि हात जोडून सोडून दिला.

मी खुशाल आहे, पण गेल्या आठवड्यात नोकरी जाता जाता राहिली. आमच्या कंपनीला इथल्या फौजेच्या सराव मैदानावर सहा तोफांचे चौथरे बांधायचं काम मिळालंय. चौथरे बांधणं सोपं. पण खरी उत्तर कुठे हे दाखवणारी खूण प्रत्येक तोफेला लागते (हे मी तुमच्यासारख्या तोफखानेवाल्याला सांगावं म्हणजे कमाल झाली) आणि ते काम माझं. सरहद्द जवळ, त्यामुळे जीपीएसचा सिग्नल कोणीतरी बिघडवून ठेवलेला. आमचं यंत्र तीन दिवस छातीठोकपणे सांगत होतं की मी तांबड्या समुद्रात मध्यभागी उभा आहे. तोफा गुरुवारी येणार, शुक्रवारी गोळाफेक. आमचे मॅनेजर अनुराग (पुण्याचे, म्हणजे शंका नावाचा प्रकारच नाही) म्हणाले, "फोनच्या होकायंत्रावरून दे ठोकून. यल्ला!"

त्यांच्या फोनची उत्तर आणि माझ्या फोनची उत्तर यांत पाच अंशांचं भांडण होतं. एक अंश चुकला तरी पंधरा किलोमीटरवर गोळा अडीचशे मीटर बाजूला पडतो, आणि निशाणाच्या टेकडीच्या डाव्या अंगाला बरोब्बर तेवढ्या अंतरावर गोळा कुठे पडतो ते बघणारे चार सैनिक बंकरमध्ये बसणार होते. मी सही करायला नकार दिला. अनुराग म्हणाले, मग इकामा (इथला राहण्याचा परवाना) रद्द करून घरी पाठवतो, खलास.

तेव्हा तुमची आठवण झाली. गोदामातून कोन मोजायचा जुना थिओडोलाईट काढला. सूर्याकडे बघायला काळी काच नव्हती, ती मालेगावच्या आकिब वेल्डरने आपल्या मुखवट्याची काढून दिली (दोन दिवस तो बिनकामाचा चहा पीत बसला). मंगळवारी सकाळी नऊला सूर्य धरला. दुपारी तो त्याच उंचीवर उतरला की दोन्हींच्या मधोमध खरी उत्तर-दक्षिण रेघ, तुम्ही शिकवलं तसंच. पण सहा तास तिपाई हलता कामा नये. अडीच वाजता एक उंटीण आली आणि तिने तिपाईच्या पायाला मान अशी प्रेमाने घासली, की सगळी मेहनत पाण्यात (पाणी नाही इथे, म्हणून वाळूत). बुधवारी आकिब खुबूसच्या रोट्या घेऊन तिला लांब रमवत बसला आणि मी तिपाईपासून हललो नाही. जेवण नाही, लघवीलाही नाही. तीन वाजता सूर्य मिळाला. सहाही खुणा रोवल्या.

शुक्रवारी पहिला गोळा सुटला. काका, तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यांपुढे ते चौघेच. मग वायरलेसवर ओरडाआरडा, मला वाटलं संपलं. पण तो आनंदाचा होता, गोळा टेकडीच्या माथ्यावर! तोफांवरच्या कॅप्टन जलालने मला उचलून दोन्ही गालांचे मुके घेतले. अनुराग म्हणाले, "मी आधीच म्हटलं होतं, सूर्यावरून कर." मी हसलो आणि आकिबला मिठी मारली.

तब्येतीला जपा.

आपला
चारुदत्त

ता. क. कॅप्टनने विचारलं, कोणी शिकवलं? मी म्हटलं, "माय अंकल. गनर." तोफांच्या आवाजाने आम्ही दोघेही बहिरे होतो, त्याने "जनरल" ऐकलं आणि सगळ्या पलटणीला सॅल्यूट ठोकायला लावला. तो सॅल्यूट इतका देखणा होता, की दुरुस्ती करणं माझ्याच्याने झालं नाही.

दुसरा ता. क. कॅप्टन जलाल पुढच्या महिन्यात तोफखान्याच्या कोर्सला देवळालीला येतो आहे. पहिल्याच रविवारी जनरलसाहेबांच्या दर्शनाला यायचं म्हणतो. मी तुमचा पत्ता दिला आहे. काका, नोकरीभर हवालदार होतात, एक दुपार जनरल व्हा. आणि तो दारात असताना काकूंनी तुम्हाला दळण आणायला पाठवू नये.